साहेबाला सांगायचं उत्तर

आमच्या हॉस्पिटलात तीन मावश्या होत्या आणि एक गयाबाई.

काम चौघींचं एकच. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, बेडपॅन उचलायचं, कचऱ्याच्या पिशव्या बांधून मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवायच्या. ड्यूटीच्या तक्त्यावर सिस्टर त्यांची नावं लिहीत नसत. मावशी एक, मावशी दोन, असं लिहीत. गयाबाई कामाला लागली त्या आठवड्यात तिनं तक्त्यासमोर उभं राहून आपला आकडा कुठला ते विचारलं, आणि 'मावशी चार' कळल्यावर सिस्टरच्याच पेनानं ते खोडून शेजारी 'गया' असं लिहिलं. सिस्टर चिडल्या. ती म्हणाली, "मावशी म्हनायला मी तुमच्या आईची बहीन न्हाई, सिस्टर. आन म्हनायचंच आसंल तं मावशीला घरात बसायला तरी सांगत्यात."

हे मी पाहिलेलं नाही, मला सांगितलं गेलं. मी तिथे रुजू झाले तोवर ती सगळ्यांची गयाबाई झालेली होती, मोठ्या डॉक्टरांचीसुद्धा.

मी 'क्वालिटी'त होते. म्हणजे असं, की हॉस्पिटलला एक मोठं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी इंग्रजीत ढीगभर कागद लागत, आणि ते लिहायला इंग्रजी शाळेत शिकलेली, फार प्रश्न न विचारणारी मुलगी लागत होती. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. आष्टी भागातलं, रस्त्यालगतचं, काचेच्या दरवाज्याचं. एवढं पुरे.

गयाबाई उंच होती. पाठीतून किंचित वाकलेली, हातांची बोटं जाड. फरशी पुसून झाली की चपला काढून ती अनवाणी पायानं वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायची. पायाला कळतं, म्हणायची, डोळ्याला नुसतं चमकतं. कुठे चिकट लागलं तर परत बादली. तिला वासावरूनही बरंच कळायचं. एखाद्या खाटेजवळ ती थांबायची, चादर बदलता बदलता नाक पुढे करायची आणि जाता जाता सिस्टरला सांगायची की सात नंबरच्या जखमेत पू धरलाय, पट्टी सोडून बघा. सिस्टर आधी हसत. मग गुपचूप सोडून बघत. तिचं बरोबर निघालं की ते डॉक्टरांना स्वतःचं म्हणून सांगत. हे मी किमान तीनदा पाहिलं, आणि तिनं ते प्रत्येक वेळी ऐकलं. ती फक्त चादरीची घडी जरा जोरात झटकायची.

या नोकरीआधी ती बारा-पंधरा हंगाम ऊस तोडायला जात होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. तिच्या नवऱ्याची पाठ मोळ्या वाहून वाहून गेली, तो घरी बसला आणि कोयता मोडला. एकट्या बाईला कुठला मुकादम घेत नाही. म्हणून हॉस्पिटल. ती एकदा मला म्हणाली होती की इथं बरं हाय, सावली हाय, आन मान्सं बरी होऊन जात्यात ती दिसत्यात. ऊस काय, कितीबी तोडा, फुडच्या साली तसाच उभा. ही नोकरी तिच्यासाठी काय होती ते एवढ्यात सगळं आलं. मागे परतायला तिला वाट नव्हती.

तिचं एक काम कुठल्याच कागदावर नव्हतं. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या एका म्हाताऱ्यापासून ते सुरू झालं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, पेशंटला काही खायला देऊ नका. सिस्टरनं खाटेला 'एनबीएम', म्हणजे तोंडानं काहीच द्यायचं नाही, अशी इंग्रजी पाटी लटकवली. सकाळी सिस्टर विचारून गेली, काही खाल्लं का? सून म्हणाली, न्हाई. गयाबाई त्याच खाटेखाली पुसत होती. खालूनच तिनं विचारलं, चहा किती वाजता पाजला? सून म्हणाली, सहाला.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. डॉक्टर त्या सुनेवर भरल्या वॉर्डात ओरडले. अडाणी, तुम्हाला काही कळत नाही, माणूस मेला असता. सून एकच म्हणत होती, चहा काय खानं हाय का? गयाबाई फडकं पिळत उभी राहिली. डॉक्टरांचं संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तिला तुमी खानं म्हनलं. तिनं खानं न्हाई दिलं. चहा म्हना, पानी म्हना, तंबाखू म्हना. येकयेकाचं नाव घेऊन सांगा ना साहेब."

डॉक्टरांनी ते ऐकल्याचं दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी गयाबाई स्वतःच खाटेजवळ जाऊन यादी म्हणायला लागली. चहा न्हाई, पानी न्हाई, दूध न्हाई, तंबाखू न्हाई, बिस्कुट न्हाई. नारायणगडाचा अंगारा कपाळाला लावा, पान्यात घालून पाजू नका. थुका गिळला तं चालतोय. नातेवाईक हसत आणि ऐकत. चहा प्यायल्यामुळे ऑपरेशन राहिलं, असं मी तिथे असेपर्यंत पुन्हा झालं नाही. मी त्याच महिन्यात 'पेशंट एज्युकेशन'चं बारा पानी धोरण इंग्रजीत लिहीत होते. त्यात गयाबाईची यादी नाही. यादी कुठल्या मथळ्याखाली घालावी ते मला कळलं नाही, आणि कुणाला विचारायचा मला संकोच वाटला.

मग प्रशिक्षण आलं. पुण्याहून एक डॉक्टर आले, पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चार रंग. पिवळी पिशवी, लाल पिशवी, निळा डबा, सुयांसाठी पांढरा डबा. कशात काय टाकायचं हे ते भराभर सांगत गेले. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या चौघी पडद्याकडे नाही, डॉक्टरांच्या बुटांकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, काही शंका? असं विचारल्यावर कुणी काही विचारत नसतं. गयाबाई उठली. पिवळ्या पिशव्या महिन्याच्या मध्येच संपतात, तेव्हा सुपरवायझर भरलेली पिशवी दुसरीत ओतून रिकामी परत वापरायला सांगतात. तर अशा वेळी काय करायचं, असं तिनं विचारलं. पुढच्या रांगेत हशा झाला. पुण्याचे डॉक्टरही हसले. सफाईच्या ठेकेदाराचा सुपरवायझर भिंतीला टेकून उभा होता, त्यानं तिला हातानं खाली बस म्हणून खुणावलं.

हजेरीचा कागद माझ्या हातात होता. गयाबाई चौथी शिकलेली, सही करायची. पण सही करण्याआधी ती नेहमी विचारायची, कशाची. बाकीच्या तिघी अंगठा देऊन मोकळ्या होत, ही थांबायची.

"प्रशिक्षण झालं, त्याची," मी सांगितलं.

"ते झालं. मी व्हते." तिनं कागदावर बोट फिरवलं. "पर समजलं का न्हाई, त्याची सही कुठं करायची?"

तसा रकाना नव्हता. मी तसं सांगितलं. तिनं माझ्याकडे बघत सही केली, आणि मी तो कागद फाइलीत लावला. आजही तो तिथे असेल.

प्रमाणपत्राच्या तपासणीला महिना राहिला तेव्हा व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं की साहेब लोक सफाईवाल्यांना हमखास प्रश्न विचारतात, त्यांच्याकडून उत्तरं पाठ करून घे. मी अकरा प्रश्न काढले, मराठीत उत्तरं लिहिली. व्यवस्थापकांनी आणि सुपरवायझरनं मिळून त्यात दुरुस्त्या केल्या. दुपारी जेवणानंतर मागच्या शेडजवळ मी चौघींना घेऊन बसायची. माझं मराठी पुस्तकी. 'सुई टोचल्यास आपण काय कराल?' असलं. गयाबाईनं पहिल्याच दिवशी ते मोडून काढलं आणि चालीवर लावलं. घाबरायचं न्हाई, पिळायचं न्हाई, तोंडात बोट घालायचं न्हाई. साबनानं धुवायचं, वाहतं पानी घ्यायचं. सिस्टरला सांगायचं, त्याच दिवशी रक्त द्यायचं, त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायचं. बाकीच्या तिघींना चाल आली की शब्द आपोआप आले. फरशी पुसताना त्या म्हणत. आठ दिवसांत अकराच्या अकरा पाठ. मी खूष होते. मला शिकवता येतं असं वाटलं.

त्या अकरांत सातवा प्रश्न होता, काविळीची लस घेतली आहे का? उत्तर होतं, हो, तीन डोस घेतले. गयाबाई त्या उत्तरापाशी अडली होती. म्या कवा घेतले, असं तिनं मला विचारलं. मी सुपरवायझरकडे बघितलं. तो म्हणाला, उत्तर आहे ते, पाठ कर. नववा प्रश्न होता पिशव्यांचा, आणि उत्तर होतं, पिशव्या कधीच कमी पडत नाहीत. तिथे ती अडली नाही. तिथवर तिला समजलं होतं.

लशीच्या नोंदवहीची गोष्टही सांगायला हवी. सुपरवायझरनं हातानं लिहिलेली एक यादी आणून दिली, प्रत्येक नावापुढे तीन तारखा. मी ती टाइप केली, सुबक तक्ता केला. गयाबाईच्या नावापुढची पहिली तारीख ती कामाला लागण्याआधीची होती. ते माझ्या नजरेतून सुटलं, असं म्हणाले तर ते खोटं होईल.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी नेमकं तिलाच थांबवलं. उंच होती, लगेच दिसायची. त्यांनी सुईचा प्रश्न विचारला. ती हातातला मॉप भिंतीला लावून, पदर सारखा करून उभी राहिली आणि एका दमात सगळं म्हणून गेली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सोबतच्या बाईंनी विचारलं, लस? हो, तीन डोस घेतले. पिशव्या? कधीच कमी पडत न्हाईत. बाई इंग्रजीत म्हणाल्या की तळच्या माणसापर्यंत ज्ञान पोचलेलं फार क्वचित दिसतं. व्यवस्थापकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. प्रमाणपत्र मिळालं, पेढे वाटले, गयाबाईचा मॉपसकट फोटो काढून हॉस्पिटलच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. तिला तो मी माझ्या मोबाइलवर दाखवला. ती म्हणाली, फडकं तरी बाजूला ठिवायला सांगायचं.

त्यानंतर शिमग्याच्या थोडं आधी पुरुषांच्या वॉर्डात ती चादरी गोळा करत होती. कुणीतरी वापरलेली सुई पांढऱ्या डब्यापर्यंत न नेता खाटेवरच टाकून गेलं होतं. चादरीचा बोळा करताना सुई तिच्या अंगठ्याखालच्या मांसात शिरली. तिनं ती उपसली, नेऊन पांढऱ्या डब्यात टाकली. हात दाबून रक्त पिळून काढलं. सोनाबाईच्या डबीतला चुना घेऊन वर लावला. सोनाबाई म्हणजे तिघी मावश्यांतली सगळ्यात म्हातारी. मग उरलेल्या चादरी गोळा करून तिनं ड्यूटी पुरी केली. ज्या बाईनं महिनाभर बाकीच्यांना 'पिळायचं न्हाई' चालीवर शिकवलं, तिनं पिळलं. मी हे तेव्हा ऐकलं असतं तर म्हणाले असते की बघा, इतकं शिकवून उपयोग नाही, या बायका ऐकतच नाहीत. आमच्या मीटिंगांमध्ये हे वाक्य दर आठवड्याला कुणीतरी म्हणायचं.

उन्हाळ्यात ती वाळायला लागली. जेवण जाईना. मग चार दिवस आली नाही, आणि आली तेव्हा डोळे पिवळे होते आणि गळ्यात बारीक काड्यांची माळ होती. ती काविळीची माळ. गावाकडे एक माणूस देतो. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते असं म्हणतात. तिची छातीपर्यंत आली होती. रोज शेकडो माणसं तपासली जायची त्या इमारतीत, प्रयोगशाळेच्या दारासमोरची फरशी गयाबाई ती माळ घालून पुसत होती, आणि चार डॉक्टर त्या ओल्या फरशीवरून जपून पाय टाकत गेले.

मी तिला मागच्या शेडजवळ नेलं. सुई टोचली होती का कधी, असं विचारलं.

"टोचती की," ती म्हणाली. "शिमग्याच्या आदी येक लई खोल गेलती."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तुम्हाला तर सगळं पाठ होतं.

तिला खरंच नवल वाटलं होतं. "ते तं साहेबाला सांगायचं उत्तर हाय ना, मॅडम?"

मग तिनं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "तीन डोस घेतले म्हनायचं, ते न्हाई घेतले. पिशव्या सपत न्हाईत म्हनायचं, त्या सपत्यात. तसंच हे. सुई टोचली की दवाखाना इंजेक्शन देतोय, आसं साहेबाला सांगायचं. खरं कोन देतंय आमाला?"

अकरा उत्तरांपैकी चार खोटी होती. उरलेली सात खरी आहेत हे तिनं कशावरून ओळखायचं होतं? सगळी एकाच कागदावर होती, एकाच तोंडानं शिकवलेली, एकाच चालीवर पाठ केलेली. बाकीच्या तिघींनी काही विचार न करता पाठ केलं. हिनं विचार केला, म्हणून हिची चूक झाली. जिला खरं-खोटं निवडता येत होतं तिच्यापुढे आम्ही खऱ्यात खोटं कालवून ठेवलं, आणि वर तिच्या अडाणीपणावर मीटिंगा घेतल्या. हे आठवलं की आजही माझे कान तापतात.

रक्त तपासलं. हिपॅटायटिस बी, म्हणजे जिच्यावर ती लस असते तीच कावीळ. त्याच दिवशी सांगितलं असतं, त्याच दिवशी इंजेक्शन आणि लस मिळाली असती, तर बहुतेक हे झालं नसतं. त्याआधी, यादीत लिहिलेल्या तारखांना लस खरोखर टोचली असती तर जवळजवळ नक्कीच झालं नसतं.

मी सुई टोचल्याची नोंद करायला बसले. नोंद संगणकावर करायची असते. पहिल्याच चौकटीत कर्मचारी क्रमांक मागतात. गयाबाई ठेकेदाराची, तिला क्रमांक नव्हता. क्रमांकाशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. ते पान मीच बनवून घेतलं होतं.

कागदावर लिहून व्यवस्थापकांकडे गेले. मोजून चार वाक्यं मी घरून तयार करून आणली होती, त्यातली दोन बोलले. ते नोंदवही काढून म्हणाले, तिनं तर तीन डोस घेतलेत. तुम्हीच टाइप केलंय. मग इथली सुई कशावरून? यांच्या घरीदारी काय काय चालतं कुणास ठाऊक. आणि तसंही ती आपली स्टाफ नाही.

त्याच आठवड्यात नर्सिंग स्टेशनच्या चहाच्या ट्रेमधून तिचा कप बाजूला काढला गेला. खिडकीत, फिनाइलच्या बाटलीशेजारी तो ठेवला. हा आजार कपातून पसरत नाही, एका ताटात जेवल्यानं पसरत नाही. हे सिस्टर लोक परीक्षेत लिहून पास झालेल्या होत्या. ज्यांना शिकवलं गेलं नाही त्यांचं एक वेळ समजू शकतं, ज्यांना सगळं शिकवलं होतं त्यांचं काय? आपल्याकडे वेगळा कप ठेवायला कुणाला शिकवावं लागत नाही, ते सगळ्यांना पाठच असतं.

पंधरा दिवसांनी तिला काढलं. पेशंटच्या सुरक्षिततेसाठी, असं कारण. व्यवस्थापकांच्या खोलीत ती, सुपरवायझर आणि कागद धरून उभी असलेली मी. तिनं रडारड केली नाही. कामावर ठेवा असंही म्हणाली नाही. सही कुठे करायची ते विचारलं. मग नेहमीसारखं विचारलं, कशाची. सुपरवायझर म्हणाला, स्वतःच्या मर्जीनं काम सोडल्याची. तिनं पेन टेबलावर ठेवलं.

"साहेब, सुई मी घरून आनली न्हाई," ती म्हणाली, आणि सही न करता दार उघडून निघून गेली. त्या कागदावर तिची सही नाही. मी तिथे लिहिलेल्या आणि लावलेल्या सगळ्या कागदांत तेवढा एकच कागद खरा आहे.

मी तिच्या घरी एकदा गेले. वस्तीवर दोन पत्र्याच्या खोल्या. नवरा बाजेवर. सून दारात बसून बाळाला पाजत होती, आणि गयाबाई दुसऱ्या खोलीच्या उंबऱ्याशी एकटी. तिचं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं. नातवाला तिनं महिनाभर हात लावला नव्हता. मी जमेल तसं सुनेला समजावलं. कपानं होत नाही, मांडीवर घेतल्यानं होत नाही. रक्तानं होतं. ब्लेड, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांनी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. सुनेनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कपानं होत न्हाई तं मंग दवाखान्यात कावून काढला कप?"

गयाबाईच उंबऱ्यातून म्हणाली, "सिस्टर लोकायला म्हाईत न्हाई म्हनून कप न्हाई काढला. आता मॅडम सांगत्यात ते खरं आसंल. त्यायच्या हातात आज कागद न्हाई."

सुनेनं बाळाच्या तोंडावरून पदर काढून त्याला सासूच्या मांडीवर नेऊन दिलं. गयाबाईनं त्याला कसं धरलं ते मी बघितलं नाही. मी चपला शोधत होते.

पुढच्या आठवड्यात घरातले सगळे सरकारी दवाखान्यात लस घेऊन आले. सहा-सात महिन्यांनी तिचं रक्त मी पुन्हा तपासून घेतलं. आजार गेलेला होता. मोठ्या माणसांत बहुतेकदा शरीर स्वतःच तो घालवतं. तो अहवाल घेऊन मी व्यवस्थापकांकडे गेले. ते म्हणाले, ठेकेदाराशी बोला. ठेकेदार म्हणाला, जागा भरली. तक्त्यावर पुन्हा मावशी चार आली होती. मी त्यानंतरही वर्षभर तिथे नोकरी केली. सोडली तेव्हाही कारण घरगुती लिहिलं.

मध्यंतरी पाटोद्याला एका मावशीच्या घरी गेले होते. माझ्या आईच्या सख्ख्या बहिणीच्या. तिच्या पायाला जखम होती, म्हणून बाजाराच्या दिवशी तिला घेऊन एका छोट्या दवाखान्यात गेले. बाकांवर गर्दी. इंजेक्शनच्या खोलीचं दार उघडं होतं. आत गयाबाई होती. केस बरेच पिकलेले, पण तीच उंची.

कंपाउंडरनं एका बाईला इंजेक्शन दिलं आणि सुई लावलेली सिरिंज ट्रेमध्ये कापसावर टाकली. उचल गं, म्हणाला. गयाबाईनं दोन्ही हात मागे बांधले.

"ज्यानं टोचली त्यानं टाकायची," ती म्हणाली.

त्यानं आधी हसून घेतलं. मग चिडला. हिचं रोजचंच आहे, बाहेर इतकी पेशंटं आहेत, झाडूवालीनं आम्हाला कायदा शिकवायचा का, असं काय काय मोठ्यानं बोलला. बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली. कुणी म्हणालं, उचल ना बाई, येवढं काय त्यात. ती जागची हलली नाही. आवाजही चढवला नाही. बाकी समदं मी उचलते, ही तुमची, एवढंच पुन्हा म्हणाली. तेवढ्यात तिला मी दिसले. मला ओळखलं. मान अगदी किंचित, नकारार्थी हलवली. तिच्या आजाराचं इथे कुणाला माहीत नव्हतं, आणि मी ते सांगू नये, एवढा त्याचा अर्थ. मी नजर खाली केली.

तो बराच वेळ बोलत राहिला. दाराशी पुढचा पेशंट येऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी दोघं. शेवटी कंपाउंडर स्टुलावरून उठला, ट्रेमधली सिरिंज उचलली, तीन पावलं चालत गेला आणि ती सुईसकट कोपऱ्यातल्या पांढऱ्या डब्यात टाकली. डब्याचं झाकण बसल्याचा आवाज आला.

तेव्हा गयाबाईनं हात पुढे घेतले आणि ट्रे उचलला.